लोखंडाला शुद्ध आरगॉन मानवत नाही

गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या एखाद्या शेडमध्ये डोकावलात, तर मिग मशीनच्या पाठीशी साखळीने बांधलेला उंच सिलिंडर दिसेल. मिग म्हणजे सतत सरकणारी तार वितळवून, वायूच्या कवचाखाली केलेले वेल्डिंग. बऱ्याच ठिकाणी त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. कामगारांच्या तोंडी या वेल्डिंगचे नावच ‘सीओटू’. काही जण आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण आणतात. निव्वळ आरगॉन मात्र टिगसाठी (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) किंवा ॲल्युमिनियमसाठी राखलेला. साध्या लोखंडावर मिग करताना तो कोणी लावत नाही, आणि त्याचे कारण केवळ किंमत नव्हे.

मुळात वायू लागतो तो हवेला दूर ठेवायला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. लोखंडाच्या तापलेल्या रसात तो बराच विरघळतो, पण रस थिजू लागला की त्याला तिथे जागा उरत नाही. बाहेर पडता पडता तो आत अडकतो आणि जोडात छिद्रे पडतात. काही सुईने टोचल्यासारखी वरच दिसतात, काही ग्रायंडर फिरवल्यावर उघडी पडतात. म्हणून टॉर्चच्या नोझलमधून तारेभोवती सतत वायू सोडायचा.

आरगॉन तर कशाशीच संयोग पावत नाही. त्याच्याइतका भरवशाचा पहारेकरी कोण? ॲल्युमिनियमवर हे खरे ठरते. लोखंडावर गणित बिघडते. मिगमध्ये तार धन आणि प्लेट ऋण असते, म्हणजे इलेक्ट्रॉन प्लेटमधून निघतात. जिथे ऑक्साइडचा पातळ थर आहे तिथून ते सहज सुटतात. शुद्ध आरगॉनमध्ये असा थर झपाट्याने नाहीसा होतो आणि ठिणगी, म्हणजे तार आणि प्लेटमधला विजेचा आर्क, नवी जागा शोधत भटकू लागते. शिवाय रसाचा पृष्ठताण जास्त राहतो, तो कडांना भिडत नाही. जोड दोरीसारखा उंच येतो आणि दोन्ही बाजूंना खाचा पडतात. त्याच आरगॉनमध्ये १-२ टक्के ऑक्सिजन किंवा ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळा, ठिणगी स्थिरावते, रस पसरतो. हवेतल्या ज्या ऑक्सिजनपासून जोड वाचवायचा, तोच थोडासा लागतो.

तो आत शिरतो त्याचा बंदोबस्त तारेतच केलेला असतो. नेहमीच्या ‘ईआर ७० एस-६’ तारेत सुमारे दीड टक्का मँगनीज आणि एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असते. ही दोघे लोखंडाच्या आधी ऑक्सिजन पकडतात. थंड झालेल्या जोडावर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ना, ती त्यांचीच राख. रंग देण्यापूर्वी ते खरवडून काढावेत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात रंग पापुद्र्याने सुटतो.

कार्बन डायऑक्साइड या खेळात उशिरा आला. अमेरिकेत १९४८ मध्ये मिग पद्धत विकसित झाली ती निष्क्रिय वायूंसह, ॲल्युमिनियमसाठी. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की आणि नोव्होझिलोव्ह या सोव्हिएत तंत्रज्ञांनी कार्बन डायऑक्साइडखाली पोलाद जोडून दाखवले आणि खर्च एकदम खाली आला. हा वायू डिस्टिलरी आणि खत कारखान्यांत उपउत्पादन म्हणून निघतो. आरगॉन हवेत एक टक्क्याहून कमी, आणि त्याचा उत्कलनबिंदू ऑक्सिजनपासून जेमतेम तीन अंश दूर. हवा द्रवरूप करून तो वेगळा काढणे कष्टाचे.

स्वस्ताईची किंमत ठिणगीत मोजावी लागते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तिथे फुटतो, ठिणगी आकसते आणि तारेच्या टोकाला लोंबणारा थेंब वर ढकलला जातो. तो तारेहून जाड होऊन वेडावाकडा पडतो, आजूबाजूला शिंतोडे उडतात. फुटलेले रेणू प्लेटजवळ पुन्हा जुळताना उष्णता देतात, त्यामुळे वितळण खोल आणि रुंद होते. आरगॉन साधारण ८० टक्क्यांच्या वर आणि करंट पुरेसा असेल, तर थेंब बारीक फवाऱ्यासारखे उडतात, शिंतोडे जवळपास नाहीतच. पण रस इतका पातळ असतो की उभ्या जोडावर टिकत नाही.

मांडवी-झुआरीच्या काठी बार्ज दुरुस्तीला येतात. त्यांच्या जाड प्लेटला मी तरी कार्बन डायऑक्साइडच सुचवीन. उभ्या जोडाला फ्लक्स (वितळून मळ तयार करणारी पूड) भरलेली तार, म्हणजे तिचा मळ रसाला धरून ठेवतो. म्हापशाच्या गेट-ग्रिलवाल्याने मात्र दोन मिलिमीटरच्या पाइपसाठी ८०-२० मिश्रण (८० टक्के आरगॉन, २० टक्के कार्बन डायऑक्साइड) घ्यावे. वायूला जादा गेलेले पैसे शिंतोडे काढायला छिन्नी मारणाऱ्याच्या वाचलेल्या मजुरीत वसूल होतात.

कुठलाही वायू घ्या, गोव्यात खरा वैरी वारा. सेकंदाला दोन मीटरच्या वाऱ्यानेही कवच विस्कटू लागते आणि दुपारचा खारा वारा त्याहून जोराचा. मे महिन्यात शेडमध्ये पंखा वेल्डरकडे वळवला जातो, जोडात छिद्रे येतात आणि खापर गॅसवाल्यावर फुटते. मग फ्लो वाढवायचा. तोही उलटतो, कारण मिनिटाला २५ लिटरच्या पुढे प्रवाह घुसळतो आणि स्वतःच हवा ओढतो. १२ ते १५ लिटर आणि आडोशाला ताडपत्री, एवढे पुरते.

बार्जच्या टाकीत उतरून काम असेल तर वायूची निवड बाजूला ठेवून आधी ब्लोअर लावा. आरगॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड, कार्बन डायऑक्साइड १.५ पट, दोन्ही तळाशी साचतात. आरगॉनला वास नाही, तो गुदमरवतोय हे कळतही नाही. कार्बन डायऑक्साइडच्या ठिणगीतून विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च टाकीत सोडू नये, वर काढावी आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. परत उतरताना ऑक्सिजन मीटर आधी आत सोडावे, मग माणूस.