फिनॉल मोजणारा इलेक्ट्रोड: पार्श्वभूमी

फिनॉलच्या (बेंझिनच्या कड्याला OH गट जोडलेल्या संयुगाच्या) द्रावणात कार्बनचा नुसता इलेक्ट्रोड बुडवून पुरेसा धन विद्युतदाब दिला, तर पहिल्या मोजणीला प्रवाह छान मिळतो. दुसऱ्या वेळी तो घटतो, तिसऱ्या वेळी आणखी. ऑक्सिडीभवन झालेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन इलेक्ट्रोडवरच चिवट थर धरतात. मग घासा, पॉलिश करा, पुन्हा मोजा.

ही कटकट बरीच कमी करणारी एन्झाइमं फार आधीपासून माहीत होती. लाखेच्या रोगणाला चीक पुरवणारं जपानी झाड आहे. तो चीक काळा पडून कडक कसा होतो, हे पाहताना हिकोरोकुरो योशिदा यांना १८८३ मध्ये त्यात उष्णतेने निकामी होणारा एक घटक आढळला. पुढे १८९० च्या दशकात गाब्रिएल बेर्त्रां यांनी त्याला लॅकेस म्हटलं. कापल्यावर काळ्या पडणाऱ्या अळंबीतून टायरोसिनेज हे एन्झाइमही त्याच दशकात पुढे आलं. दोन्ही एन्झाइमांच्या गाभ्यात तांबं असतं आणि दोन्ही हवेतला ऑक्सिजन वापरून फिनॉलचं ऑक्सिडीभवन करतात.

एन्झाइम एका जागी धरून ठेवायची कल्पनाही जुनीच. कोळशावर चिकटलेलं इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) काम करतच राहतं, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये दाखवलं होतं. इलेक्ट्रोडशी त्याची गाठ पडायला मात्र १९६२ उजाडलं. क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजचं ऑक्सिडीभवन करणारं एन्झाइम) पातळ पटलामागे कोंडून इलेक्ट्रोडला जोडायची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी तेच एन्झाइम पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडच्या जेलमध्ये अडकवलं. मधुमेहामुळे सगळ्यांचं लक्ष ग्लुकोजकडे राहिलं, ते स्वाभाविकच होतं.

खरी गंमत टायरोसिनेजची. ते फिनॉलचं कॅटेकॉल करतं, म्हणजे पहिल्या OH गटाशेजारी आणखी एक बसवतं, आणि कॅटेकॉलचं ऑक्सिडीभवन करून क्विनोन. इलेक्ट्रोडने मोजायचं ते हे क्विनोन, आणि त्याच्या क्षपणासाठी शून्याच्या आसपास किंवा उणे ०.२ व्होल्टपर्यंतचा दाब पुरतो. थर धरायला लावणारा मोठा धन दाब लागतच नाही. वर क्षपणातून पुन्हा कॅटेकॉल तयार होतं, एन्झाइम त्याचं परत क्विनोन करतं, आणि एकच रेणू अनेक फेऱ्या मारून प्रवाह वाढवत राहतो.

शुद्ध एन्झाइमच हवं असंही नाही. १९८५ मध्ये सिडवेल आणि रेख्निट्झ यांनी केळ्याचा गरच इलेक्ट्रोडवर बसवून डोपामिन मोजलं आणि उपकरणाचं नाव ठेवलं ‘बनानाट्रोड’. केळं काळं पडतं त्यामागचं एन्झाइमच इथे कामाला लावलं होतं. १९८८ मध्ये हॉल, बेस्ट आणि टर्नर यांनी तर पाण्याऐवजी क्लोरोफॉर्ममध्ये पॅरा-क्रेसॉल (फिनॉलच्याच कुळातलं संयुग) मोजून दाखवलं.

एन्झाइम बांधून ठेवायच्या पद्धती मग वाढत गेल्या: ग्लुटारल्डिहाइडने (प्रथिनांचे रेणू एकमेकांना बांधणाऱ्या रसायनाने) जोडणं, ग्रॅफाइट आणि तेलाच्या पेस्टमध्ये मळणं, सोल-जेलमध्ये (काचेसारख्या सच्छिद्र जाळ्यात) कोंडणं. ग्लुटारल्डिहाइड जास्त झालं की एन्झाइमच मरतं, कमी झालं की ते धुऊन जातं. शिवाय क्विनोन फार क्रियाशील असल्याने ज्या एन्झाइमने ते घडवलं त्यालाच ते हळूहळू निकामी करतं.

आणि अशा इलेक्ट्रोडवरचा ‘एकूण फिनॉल’ हा आकडा जपूनच वाचावा. कॅटेकॉलला टायरोसिनेज जोरदार प्रतिसाद देतं, साध्या फिनॉलला सहसा त्याहून कमी. पेंटाक्लोरोफिनॉलमध्ये (पाच क्लोरीन असलेल्या फिनॉलमध्ये) हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे OH गटाच्या, शेजारच्या दोन्ही जागा क्लोरीनने अडवलेल्या असतात, त्यामुळे नमुन्यात ते असलं तरी टायरोसिनेजच्या इलेक्ट्रोडला त्याचा पत्ताच लागत नाही.