इंग्रजी साहित्य व इतिहास : संयुक्त विद्यापीठीय अध्ययन

इंग्रजी साहित्य व इतिहास या दोन विषयांत मिळून एकच पदवी देणारा अभ्यासक्रम. ब्रिटनमध्ये तो प्रायः ‘जॉइंट ऑनर्स’ या नावाने ओळखला जातो.

या अभ्यासक्रमाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकातील आंतरविद्याशाखीय विचाराचे ते फलित होय, असे सामान्यतः मानतात. हार्व्हर्ड विद्यापीठाने १९०६ मध्ये ‘इतिहास व साहित्य’ हे अध्ययनक्षेत्र सुरू केले; इंग्लंडमधील कील येथे १९५० पासून दोन मुख्य विषयांची पदवी रूढ झाली. मात्र जुन्या अध्यासनांकडे, म्हणजे विशिष्ट विषयांसाठी नेमलेल्या प्राध्यापकपदांकडे, पाहिल्यास हे मत अपुरे वाटते. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांची १८४० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात नेमणूक झाली, ती याच दोन विषयांच्या जोड अध्यासनावर. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात १८४९ पासून जॉर्ज लिली क्रेक हेही दोन्ही विषयांचे प्राध्यापक होते. अध्यासन जोड असले म्हणून पदवीही जोड होती असे ठरत नाही आणि त्यामागे काटकसरही असू शकेल. तरीही हे विषय आधी एकत्र शिकवले गेले, पुढे विभक्त झाले व नंतर पुन्हा जोडले गेले, हा क्रम अधिक ग्राह्य दिसतो.

विभक्त होण्याची प्रक्रिया ऑक्सफर्डमध्ये स्पष्ट दिसते. तेथे १८७२ मध्ये इतिहास विधिशास्त्रापासून वेगळा झाला. इंग्रजीच्या स्वतंत्र शाखेला १८८७ मध्ये प्रखर विरोध केला तो इतिहासाचेच प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. ही शाखा अखेर १८९४ मध्ये स्थापन झाली. केंब्रिजमध्ये इंग्रजीची स्वतंत्र ट्रायपॉस (तेथील ऑनर्स पदवीची) परीक्षा १९१७ मध्ये मंजूर झाली. तेथील आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव व काळ न सांगता कविता वाचायला देण्याचा प्रयोग केला आणि साहित्यवाचन इतिहासापासून आणखी दूर गेले. १९८० नंतर स्टीफन ग्रीनब्लॅट प्रभृती समीक्षकांच्या नव-इतिहासवादाने, म्हणजे साहित्यकृती तिच्या ऐतिहासिक संदर्भात वाचण्याच्या पद्धतीने, हे अंतर बरेच कमी केले.

दोन्ही विषयांचा खरा सांधा पुराव्याच्या वाचनात आहे. इंग्रज कवी जॉन मिल्टनचे ‘ॲरिओपॅजिटिका’ (१६४४) हे पत्रक पाहावे. छपाईपूर्वी परवाना सक्तीचा करणाऱ्या संसदेच्या १६४३ च्या आदेशाला दिलेले ते उत्तर होते. जॉर्ज थॉमसन या ग्रंथविक्रेत्याने इंग्लंडमधील तत्कालीन यादवी युद्धाच्या काळातील सुमारे २२,००० मुद्रिते जमवली व त्यांतील अनेकांवर तारखा टिपल्या. त्यामुळे कोणते पत्रक केव्हा लोकांच्या हाती पडले हे इतिहासकाराला ठरवता येते. पण मिल्टनने संसदेपुढील भाषणाचा घाट का निवडला आणि ग्रीक वक्तृत्वाची परंपरा का आठवली, हे साहित्याच्या अभ्यासाखेरीज उकलत नाही. केवळ एका बाजूने वाचल्यास हे पत्रक अर्धेच हाती लागते. साहित्यकृतीला निव्वळ ‘काळाचा आरसा’ मानण्याची सवय या अभ्यासक्रमात सर्वांत आधी मोडावी लागते, कारण लेखक काळाची नोंद करतो तसा त्याच्याशी वादही घालतो.

अध्यापनव्यवस्था विद्यापीठागणिक भिन्न असते. बहुधा निम्मे विषय प्रत्येक विभागाचे असतात आणि अखेरच्या वर्षी प्रबंधिका लिहावी लागते; तिच्यासाठी काही ठिकाणी दोन्ही विभागांचे मार्गदर्शक दिले जातात.