घरची गाय आणि शेजारपाजार: ही पद्धत आली कुठून

घरच्या दुधासाठी एक-दोन गाई पाळायच्या आणि त्यासाठी शेजाऱ्यांची मदत घ्यायची, असं कुणी म्हटलं की बऱ्याच जणांना ती नवीन आयडिया वाटते. पूर्वी प्रत्येक घर आपली गाय आपणच सांभाळायचं, आता माणसं कमी झाली म्हणून ही तडजोड, असंही ऐकायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण इतिहासात जिथे जिथे घरची गाय दिसते तिथे तिच्या मागे आसपासच्या चार घरांची काहीतरी व्यवस्था उभी असते, आणि ती व्यवस्था मोडली की थोड्या काळात गायही जाते.

याचं कारण गाईच्या अंगातच आहे. धार दिवसातून दोनदा काढायची, सणवार नाही, आजारपण नाही, कारण दूध कासेत तुंबून राहिलं की कास दगडासारखी होते आणि सड कायमचा जाऊ शकतो. गाभणपण साधारण ९ महिने आणि वर काही दिवस, त्यातले शेवटचे दोनेक महिने गाय आटवायची म्हणजे घरात दूध बंद, आणि व्याली की काही महिने एवढं दूध की एका घराने पिऊन संपत नाही. एकदा धो धो, एकदा शून्य. त्यात एका गाईसाठी कुणी वळू पाळत नाही, आणि वेत अडलं तर रात्री दोन वाजता हात लावायला दुसरं माणूस लागतंच.

गाय माणसाळली ती साधारण १०,५०० वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात. जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून एक अंदाज असा निघालाय की सुरुवातीच्या त्या कळपात जेमतेम ८० माद्या असाव्यात. तुर्कस्तानच्या वायव्य भागातल्या ८-९ हजार वर्षं जुन्या मडक्यांत दुधाच्या चरबीचे अंश मिळालेत, आणि पोलंडमध्ये ७ हजार वर्षांपूर्वीच्या भोकं पाडलेल्या भांड्यांत पण, म्हणजे तेव्हाच लोक चीज गाळत होते. जास्तीचं दूध टिकवायचं कसं हा प्रश्न एवढा जुना आहे.

आणि या प्रश्नावरचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर इराणच्या गावांमधलं आहे. तिथे बायकांची 'वारे' नावाची पद्धत होती. गटातल्या सगळ्या घरांचं दूध आज एकीकडे जायचं, उद्या दुसरीकडे, असं पाळीपाळीने, आणि किती दिलं किती घेतलं ते भांड्यात काडी बुडवून तिच्यावर खूण करून मोजायचं. थोड्याशा दुधाचं लोणी काढायला बसलं तर मेहनत तेवढीच आणि हाती काही नाही, पण आठवड्यातून एकदा सगळ्यांचं दूध आपल्या घरात आलं तर लोणी, चीज सगळं एका दमात होतं. दुधाची उधारी दुधातच फेडायची, मध्ये पैसा नाही. हिशोब पूर्ण बायकांच्या हातात.

फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. तिथल्या चीजच्या एका मोठ्या चाकाला ४०० लिटरच्या आसपास दूध लागतं, आणि दोन-चार गाईंच्या घरात तेवढं एका दिवसात जमणं शक्यच नाही. म्हणून गावाने दूध एकत्र करायचं आणि ज्याने जितकं घातलं त्या हिशोबाने चीज वाटून घ्यायचं, आणि याच्या नोंदी तेराव्या शतकापासूनच्या आहेत.

चाऱ्याचंही तसंच. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाने १५१७ मध्ये नियम केला की हिवाळ्यात तुम्ही आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई जगवू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. किती साधा नियम आहे बघा, कुरण पण वाचतं आणि कुणी बाहेरून गाई आणून फायदा उपटत नाही. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक साधनांच्या आपल्या अभ्यासात हे गाव घेतलं, त्याच कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेत बोस्टनच्या मधोमध असलेलं मैदान १६३४ मध्ये मुळात गुरं चरायलाच घेतलेलं, १६४६ मध्ये तिथे ७० दुभत्या गाईंची मर्यादा घातली आणि १८३० मध्ये गाई बंदच केल्या.

इंग्लंडमध्ये मात्र गोष्ट वाईट झाली. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेने ५,२०० हून जास्त कायदे करून सामाईक जमिनींना कुंपणं घातली, देशाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच जमीन. ज्या मजुराची स्वतःची जमीन नव्हती पण गावच्या कुरणावर एक गाय चरायची, त्याची गाय यात गेली, आणि गाय गेली म्हणजे पोरांचं दूध गेलं. ज्यांच्याकडे तरीही कशीबशी टिकली त्यांनी एकोणिसाव्या शतकात 'काऊ क्लब' काढले, दर गाईमागे थोडी वर्गणी द्यायची, क्लबची माणसं गाय तपासून मगच दाखल करून घेणार, आणि कुणाची मेली की सगळ्यांच्या पैशातून भरपाई. गरीब घरात गाय मरणं म्हणजे घर बसणं, त्यामुळे हे क्लब मला मोठमोठ्या विमा कंपन्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

शहरातलं थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्टीचा चोथा खाऊन जगणाऱ्या आजारी गाईंचं दूध विकलं जायचं, १८५८ मध्ये वर्तमानपत्रातून ते बाहेर आलं. लंडनमध्ये १८६५-६६ च्या बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीने, शहरातले गोठे रिकामे केले आणि रेल्वेने लांबून दूध यायला लागलं. मग १८७८ मध्ये स्वीडनच्या लावाल नावाच्या इंजिनिअरचं दुधातून क्रीम काढायचं मशीन आलं, १८८२ मध्ये डेन्मार्कच्या येडिंगमध्ये तिथली पहिली सहकारी डेअरी. इथून दुधाचा हिशोब शेजारणीच्या काडीवरून डेअरीच्या वहीत गेला. शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला हे खरंच आहे, पण जास्तीचं दूध शेजारी द्यायची गरज संपली.

सोव्हिएत रशियाचा प्रसंग मला सोडवत नाही. सामूहिक शेतीच्या नावाखाली घरातली एकुलती गाय पण न्यायला लागले तेव्हा १९३० मध्ये गावोगावच्या बायका उठल्या, आपल्या गाई परत घेऊन आल्या. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९३५ च्या नियमावलीत बहुतेक भागात प्रत्येक घराला स्वतःची एक गाय आणि दोन वासरं ठेवायची मुभा मिळाली. या घरोघरच्या गाईंना गावाचा एकच गुराखी चरायला न्यायचा, आणि त्याचं जेवण पाळीपाळीने एकेका घरी.

मागच्या शंभरेक वर्षांत हीच शेजारधर्माची पद्धत संस्थांनी मुद्दाम उभी केलेली पण दिसते. डॅन वेस्ट नावाच्या अमेरिकन माणसाच्या कल्पनेतून १९४४ मध्ये कालवडींची पहिली खेप प्वेर्तो रिकोला गेली, अट एकच, हिला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. रवांडात २००६ पासून 'गिरिन्का' योजनेत गरीब घराला गाय मिळते आणि पहिली कालवड शेजाऱ्याकडे जाते. अमेरिकेत ज्या राज्यांमध्ये कच्चं दूध विकायला बंदी आहे त्यातल्या काही ठिकाणी लोक गाईतच हिस्सा घेतात, दूध विकत घ्यायच्या ऐवजी सांभाळण्याचा खर्च वाटून घेतात.

कृत्रिम रेतन आलं तशी वळूची गरज गेली, फ्रीज आला तसं दूध दोन-चार दिवस राहतं. धार मात्र अजून दोन वेळाच काढावी लागते. म्हणून आज जी घरं मिळून गाय ठेवतात त्यांच्यात पहिलं ठरतं ते हेच, कुणी कुठल्या दिवशी सकाळी यायचं, कुणी संध्याकाळी, त्या दिवशीचं दूध ज्याने काढलं त्याचं की सगळ्यांचं, आणि दोन घरांकडे एकेक गाय असेल तर दोघी एकाच वेळी आटणार नाहीत अशा बेताने त्यांना कधी गाभण करायचं.