स्टार्टिंग कंडेन्सर की रनिंग कंडेन्सर: मोटर नक्की कुणामुळे तापते?

स्वस्तातल्या लेथवर किंवा करवतीवर बसवलेल्या सिंगल फेज मोटरच्या पाठीवर पुष्कळदा दोन उंचवटे दिसतात. दोन्हींच्या आत कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून सोडणारे डबे असतात. दिसायला भावंडं, म्हणून एकाच्या जागी दुसरा सर्रास बसवला जातो. नाहीतर मोटर तापली की काही न तपासता ती रिवाइंडिंगला जाते, आणि चांगलं तांबं उगाच उचकटलं जातं.

स्टार्टिंग कंडेन्सर मोटर जागची हलवण्यापुरता असतो. तो इलेक्ट्रोलायटिक, बहुधा काळ्या प्लास्टिकच्या डब्यातला. त्याच्यावर १००–१२० मायक्रोफॅरड असा पल्ला छापलेला असतो. मोटरने साधारण पाऊण वेग पकडला की आतला सेंट्रीफ्यूगल स्विच, म्हणजे वेग वाढला की आपोआप उघडणारा स्विच, त्याला बाजूला करतो. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरमध्ये हे अकराशेच्या आसपास घडतं. त्याची बांधणीच काही सेकंद टिकण्यापुरती असते.

रनिंग कंडेन्सर मोटर बंद होईपर्यंत लाइनवर राहतो. आत प्लास्टिकची फिल्म, क्षमता बरीच कमी, म्हणजे १६, २० किंवा २५ मायक्रोफॅरड, आणि व्होल्टेज ४०० ते ४५०.

आता तापण्याकडे. मोटर रिकामी चालवूनही काही मिनिटांत हात लावता येईना आणि आवाज गुरगुरल्यासारखा येत असेल, तर पहिला संशय स्विचवर. भुसा अडकून किंवा पॉइंट चिकटून तो उघडलाच नाही, तर स्टार्टिंग कंडेन्सर लाइनवरच राहतो. मग स्टार्टिंग वाइंडिंगमधून, म्हणजे हे दोन्ही कंडेन्सर जिला जोडलेले असतात त्या तांब्याच्या गुंडाळीतून, तिला न झेपणारा करंट सतत वाहतो आणि शेवटी कंडेन्सरही फुटतो. नवा टाकला की तोही फुटतो. अशा वेळी कंडेन्सर बदलत बसणं व्यर्थ आहे. पारख सोपी आहे: मोटर बंद करा आणि वेग उतरत असताना कान द्या. स्विच पुन्हा मिटल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा. आला नाही तर मोटर उघडून स्विच साफ करा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) असेल तर स्टार्टिंग कंडेन्सरच्या वायरीवरचा करंट सुरुवातीच्या क्षणानंतर शून्यावर आला पाहिजे.

रनिंग कंडेन्सर कमजोर झाला की लक्षण वेगळं दिसतं. मोटर रिकामी बरी चालते, पण कामाला लावली की दमते, वेग पडतो आणि मग तापते. तो मोजायला मोटर चालू ठेवूनच त्याच्या वायरीतला करंट आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्या. ही टोकं जिवंत असतात आणि व्होल्टेज लाइनपेक्षाही जास्त असू शकतं, म्हणून मीटरच्या क्लिपा वीज बंद असतानाच लावा. ५० हर्ट्झच्या विजेवर करंटला ३१८३ ने गुणून व्होल्टेजने भागलं की मायक्रोफॅरड मिळतात. १.६ अँपिअर आणि ३२० व्होल्ट आले, तर साधारण १६. अंगावर २० लिहिलेलं असेल तर त्याची पाचव्या हिश्शाची ताकद गेली आहे. बदला.

बदलताना मोठा आकडा घेण्याचा मोह मला सगळ्यात घातक वाटतो. २० च्या जागी ३५ टाकला तर मोटर जोमदार होत नाही. स्टार्टिंग वाइंडिंग रिकाम्या चालीतही भाजत राहते. आणि रनिंगच्या जागी स्टार्टिंगचा कंडेन्सर तर कधीच नको, तो थोड्याच वेळात फुटतो.

उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि कंडेन्सरची टोकं बल्बमधून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडा.

दोन्ही कंडेन्सर आणि स्विच ठीक निघाले तरी स्वस्त मोटर गरम लागेलच, कारण तिच्यात लोखंड आणि तांबं दोन्ही मोजूनमापून घातलेलं असतं. बी क्लासच्या इन्सुलेशनला, म्हणजे तारांवरच्या त्या प्रतीच्या आवरणाला, आत १३० अंशांपर्यंत मुभा असते, त्यामुळे बाहेरचं कवच ७० अंशांवर हाताला चटका देत असलं तरी तेवढ्यावरून मोटर बिघडली असं ठरत नाही. जळका वास येऊ लागला तर मात्र लगेच बंद करा.