गावच्या शिळेवरचा आकडा

साताऱ्यापासून कोकणापर्यंत अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी शिळा बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सरकारने गावोगाव एकाच साच्याची शिळा लावली, फक्त आकडे बदलले. नाव एकही नाही.

बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचं हे स्मारक. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपाई मात्र पलटणीखाली नुसते मोजले. मराठी मुलखाला हे फार लागतं, कारण कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की कैदेत कितीतरी माणसं गेली. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने नावं कोरण्यातला हा दुजाभाव जाहीरपणे मान्य केला तो थेट २०२१ मध्ये.

नावं परत मिळवायची तर आधी पलटण आणि सैनिक क्रमांक हवा. घरात पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कडा पाहा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे इंग्रजीत ठोकलेली असते. भिंग घ्या, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. पदक चिंचेने किंवा पॉलिशने घासून चकचकीत करू नका. उथळ अक्षरं झिजतात आणि घरातला एकमेव पुरावा जातो. ब्रिटिश युद्धपदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर ते नकली नव्हे. मजूर आणि हमाल पथकांतल्या लोकांना ते तसंच मिळालं.

खरा घोळ १९२२ च्या सैन्याच्या फेररचनेने झाला, तेव्हा पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ ची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११७ ची ५/५. '३/५ मराठा' म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. पदकावर ११० आणि डिस्चार्जच्या कागदावर ३/५ दिसलं की घरचे दोन वेगळी माणसं समजतात. पलटण तीच असते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच ३/५ चे, नामदेव जाधव १/५ चे. १११ महार पलटण मात्र १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. तिचे शिपाई मराठा पलटणींच्या नोंदींत शोधून सापडणार नाहीत.

आयोगाच्या यादीत आडनाव बहुधा नसतं आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. म्हणून वडिलांचं नाव आणि गाव घेऊन शोधा, जिल्हा जुना धरा: रायगडसाठी कुलाबा, सिंधुदुर्गातल्या बऱ्याच गावांसाठी रत्नागिरी, सांगलीकडच्या बऱ्याच गावांसाठी सातारा.

शिवाय पहिल्या युद्धाच्या यादीत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत वारलेल्यांनाच आयोग धरतो. बसऱ्याहून ताप घेऊन परतलेला आणि १९२२ मध्ये घरी वारलेला शिपाई त्या यादीत नाही. शिळेवर तो 'गेले' या आकड्यात आहे, 'प्राण दिले' मध्ये नाही.