जाड भिंत वेगळी, उष्णतारोधक थर वेगळा

समाजमंदिराचा नकाशा बैठकीत मांडला की कुणीतरी हमखास म्हणतं, "भिंती जाड घ्या, म्हणजे आत गार राहील." पाठोपाठ दुसरा सुचवतो, "मग स्लॅबही इंचभर वाढवा की!" पहिली सूचना ठिकाण पाहून बरोबर ठरू शकते. दुसरी बहुतेक वेळा पैसे घालून उकाडा विकत घेण्यासारखी असते.

काँक्रीट, दगड, वीट, माती ही वजनदार मंडळी उष्णता साठवतात. अडवत नाहीत, उशिरा पोचवतात. नऊ इंची विटांच्या भिंतीवर दुपारी पडलेलं ऊन आतल्या अंगाला जाणवायला पाच-सहा तास लागतात. दोन फुटी मातीच्या भिंतीत तर ते पोचेपर्यंत रात्र झालेली असते. उष्णता खऱ्या अर्थानं अडवतात ती हलकी, आत हवा कोंडलेली द्रव्यं. कोळणीचा थर्माकोलचा डबा उचलून पाहा, वजन जवळजवळ नाहीच, तरी बर्फ दुपारपर्यंत टिकतो. काँक्रीटमधून उष्णता थर्माकोलपेक्षा चाळीसेक पट सहज वाहते. म्हणजे इंचभर थर्माकोलचं काम काँक्रीटकडून करून घ्यायचं तर तीन फुटांहून जाड स्लॅब ओतावा लागेल. इंचभर वाढवून काय होणार?

वाढतो तो साठा. हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब सुमारे 28 टनांचा भरतो. तो दिवसभरात 10 अंशांनी तापला तर त्यात जवळपास 70 युनिट विजेइतकी उष्णता मुरते, आणि मे महिन्यातला उघडा स्लॅब 10 अंशांवर थांबत नाही. सूर्य मावळला की हा साठा थोडा आकाशाकडे, थोडा खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरू लागतो. दुपारी तीनला आणि रात्री आठला छताला खालून हात लावून पाहा. कित्येक हॉलमध्ये आठचं छत जास्त चटका देतं. हरिपाठाला पंखा पाचवर असूनही घाम का येतो, याचं उत्तर तिथंच आहे. पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलत असतो.

यावर लोक वाड्यांचा, धाब्याच्या घरांचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. सोलापूर-मराठवाड्यात तुळया, त्यांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर असलेलं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर भर दुपारी खरंच गार लागतं. पण त्या घरातली माणसं उन्हाळ्यात रात्री झोपायची कुठं? अंगणात, नाहीतर माळवदावर. भिंतींनी दिवसभर गिळलेली उष्णता परत देण्याची वेळ झाली की माणसं बाहेर पडायची. साठवणाऱ्या भिंतीचा फायदा असा वेळापत्रक पाळून मिळतो. त्याला रात्रीचा गारवाही लागतो, नाहीतर साठा रिकामा कशानं होणार? सोलापुरात मे महिन्यात दुपार आणि पहाट यांत साधारण 15 अंशांचा फरक असतो, रत्नागिरीत जेमतेम सात-आठ. म्हणून जाड भिंतीचं शहाणपण देशावर चालतं आणि कोकणात लंगडं पडतं. कोकणातल्या जुन्या घरांचं खरं कसब चिऱ्याच्या जाडीत नाही. उतरत्या कौलांत, खोल पडवीत आणि आरपार वाऱ्यात आहे. कौल पातळ, फारसं साठवत नाही, आणि फटींतून गरम हवा निसटते. आणि दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या असतील, तर भिंतींना उष्णतारोधक थर लावण्यातही फारसा अर्थ नाही. बाहेरची हवा आत येतच असते. तिथं सांभाळायचं ते छत.

साठवणारं वजन आणि वारा खेळणारं छत, दोन्ही नेमकी वापरलेली एक इमारत आफ्रिकेत आहे. बुर्किना फासोतल्या गांडो गावी फ्रान्सिस केरे या वास्तुकारानं 2001 मध्ये गावकऱ्यांच्या श्रमातून प्राथमिक शाळा उभी केली. तिला 2004 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, पुढं 2022 मध्ये केरेला प्रित्झ्कर, वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार. भिंती थोडं सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांच्या, छतही विटांचंच. आणि त्याच्या बरंच वर, सळयांच्या सांगाड्यावर पत्रा. ऊन पत्रा झेलतो, मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती उष्णता घेऊन जातो, खालच्या विटा सावलीत राहतात. आपण त्याच पत्र्याला छत म्हणून थेट डोक्यावर घेतो आणि मग पत्र्यालाच शिव्या देतो. शाळा दिवसा भरते, तेव्हा साठवणाऱ्या विटा तिथं योग्यच. संध्याकाळी गजबजणाऱ्या समाजमंदिराला हाच हिशेब जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

आपल्याकडे स्लॅब टळत नाही हे धरून चाललं, तर रोधक थर कुठं घालायचा हा प्रश्न उरतो. फॉल्स सिलिंगवाला खालून लावायला सांगेल, कारण त्याचा धंदा तो. त्यानं खोलीला फरक पडतो, पण स्लॅब उन्हात तापत, आखडत-प्रसरत राहतो आणि वर उंदरांना घर मिळतं. थर स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगसह घेतला तर स्लॅब स्वतःच सावलीत येतो आणि त्याचं वजन आपल्या बाजूनं काम करू लागतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा मात्र रोधक म्हणून मोजू नका. तो पाण्याला उतार देतो आणि आणखी वजन चढवतो.

पैसे अगदीच नसतील तर गच्चीला पांढरा चुना. तो साठवतही नाही, अडवतही नाही, ऊन परत फेकतो. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. चुना पावसानं धुपतो, धुळीनं मळतो, तेव्हा दर फेब्रुवारीत हात फिरवावा लागतो. ग्रामपंचायत सौर पॅनेल बसवणार असेल तर गांडोच्या पत्र्याचं काम ती पॅनेलं करतील. फक्त पायांची उंची ठेकेदारावर सोडू नका. खाली वारा खेळेल आणि माणूस वाकून झाडू मारू शकेल इतकं अंतर निविदेतच लिहून घ्या.