मैत्रिणीला सगळं सांगितलंय की, मग तुमच्याकडे कशाला यायचं?

हा प्रश्न आम्हा थेरपिस्टना (म्हणजे मनाच्या त्रासावर बोलून उपचार करणाऱ्यांना) फोनवर सारखा येतो, आणि खरं सांगायचं तर चुकीचा नाहीये. नीट ऐकून घेणारं एक माणूस जवळ असेल तर अर्धं ओझं तिथेच उतरतं. ब्रेकअप झालंय, बॉसशी वाजलंय, परीक्षेचं टेन्शन आलंय, अशा वेळी चार दिवस रडून बोलून बरेच जण सावरतात, त्याला आमची अपॉइंटमेंट कशाला.

गडबड होते ती नंतर. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगायला तुम्ही लांबलचक मेसेज टाइप करता, परत वाचता, "जाऊ दे, तिला तरी किती पिडायचं" म्हणून पुसून टाकता आणि "काही नाही गं, सहज" एवढंच पाठवता. मैत्रीण वाईट नसते हो, पण ती तुमच्या नवऱ्याला ओळखते, तिला तुमची काळजी असते, तिचे स्वतःचे पण व्याप असतात, म्हणून ती घाईने "सोड ना त्याला" नाहीतर "एवढं काय मनाला लावून घेतेस" म्हणून मोकळी होते, आणि तुम्ही पण तिला काय वाटेल म्हणून पुढच्या वेळी दोन गोष्टी गाळूनच सांगता. थेरपिस्टचं तुमच्या घरात, नात्यात काही अडकलेलं नसतं. म्हणूनच आम्ही आमच्या मित्रांना, नातेवाइकांना क्लायंट म्हणून घेत नाही, दुसरीकडे पाठवतो (काही जण रुसतात, चालायचंच).

अजून एक, दोघींनी मिळून तेच तेच उगाळत बसणं. याला को-रुमिनेशन म्हणतात, अमँडा रोझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून यावर लिहिलं. गंमत बघा, अशा गप्पांत मैत्री जास्त घट्ट दिसली, पण उदासी आणि चिंता पण जास्त दिसली.

मग आमच्याकडे वेगळं काय? साधारण ५० मिनिटं, आणि ती फक्त तुमची, समोरच्याचं कसं चाललंय हे विचारायची गरज नाही. पहिल्या भेटीत झोप कशी आहे, हे कधीपासून चालू आहे, आधी असं कधी झालेलं का असले साधे प्रश्न असतात, कधी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा, ० ते २७ मार्कांचा, पण नुसत्या मार्कांवरून कुणाला डिप्रेशन आहे असं ठरवत नाही. खरं काम पुढे होतं. "मागच्या वेळी आईच्या फोनबद्दल सांगताना तुमचा हात छातीवर गेला होता, आज बॉसबद्दल सांगताना पण गेला", एवढं एक वाक्य कधी कधी पुरतं.

बोललेलं बाहेर जात नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला त्रास दिला जात असेल, तेव्हा आम्हाला गप्प बसता येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतो.

आमच्याकडून होत नाही ते पण सांगून टाकतो. रात्री दोन वाजता आम्ही फोन उचलत नाही, तुमच्या वाढदिवसाला येत नाही. औषधांची गरज वाटली तर सायकायट्रिस्टकडे पाठवतो. आणि तीन-चार भेटींनंतरही थेरपिस्टशी सूर जुळत नसेल तर तोंडावर सांगा, बदलून देऊ, राग येत नाही, कारण तो सूर जुळला नाही तर पद्धत कितीही भारी असली तरी फारसा उपयोग होत नाही.

झोप, भूक, काम सगळंच दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं असेल तर या. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र आमच्या तारखेची वाट बघू नका, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि त्याच्यासोबत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

पहिल्यांदा एकटीने यायला धीर होत नसेल तर मैत्रिणीला घेऊन या, ती बाहेर बसेल.